जुनी लाकडी जमीन घासायला घेताय? या चुका टाळा

घासायचं मशीन भाड्याने आणून ठेवलं की माणसाला राहवत नाही. मला कुणी विचारलं, की मी एकच विचारतो : जमिनीवरून हात फिरवलात का? बहुतेकांनी फिरवलेला नसतो.

फळ्यांना आडवा तळवा सरकवा. प्रत्येक सांध्यावर कडा वर आलेल्या आणि मध्ये खोलगट लागलं, तर फळ्यांनी खालून पाणी प्यायलं आहे. खालची बाजू फुगते, वरची तेवढी फुगत नाही आणि फळी पन्हळीसारखी होते. अशा जमिनीला मशीन लावू नका.

ही चूक मी सुरुवातीला स्वतः केली आहे. एका घरात भिंतीतला पाइप बरेच दिवस झिरपत होता. तो दुरुस्त झाला, आठवड्याभरात जमीन वरून कोरडी दिसू लागली. घरच्यांना घाई होती आणि मी वर आलेल्या कडा घासून सगळं सपाट करून दिलं. चार महिन्यांनी बोलावणं आलं. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्या उजेडात एकेका फळीचा मधला भाग वर आलेला दिसत होता. फळ्या खालून वाळून मूळ आकारात परतल्या होत्या, पण कडांचं लाकूड मी आधीच काढून टाकलं होतं. सगळी जमीन पुन्हा घासावी लागली. साधारण १९ मिलिमीटर जाडीच्या अखंड फळीत, फळ्या एकमेकींत अडकवायच्या खाचेच्या वर, घासण्याजोगं लाकूड जेमतेम ६ मिलिमीटर असतं. त्यातलं बरंचसं माझ्या घाईपायी भुशाच्या पिशवीत गेलं.

तेव्हापासून ओलावा मोजायचं मीटर घेतल्याशिवाय मी जात नाही. आधी गळती बंद करतो. मग ओल्या भागात, त्याच घरातल्या कोरड्या खोलीत आणि फळ्यांखालच्या लाकडी थरात मोजतो. फळ्या तीन इंच किंवा त्याहून रुंद असतील तर फळी आणि तिच्याखालचा लाकडी थर यांच्या ओलाव्यातला फरक २ टक्क्यांच्या आत आला पाहिजे, अरुंद फळ्यांना ४ टक्के चालतो. याला काही आठवडे लागतात, कधी महिने. हीटर लावून वाळवू नका, फळ्या तडकतात. थांबलात तर कित्येक फळ्या आपोआप बसतात आणि घासायचं काम अर्ध्यावर येतं.

वरती पातळ थर चिकटवलेल्या फळ्या असतील, तर दाराच्या चौकटीपाशी किंवा जमिनीतल्या हवेच्या जाळीच्या कडेला त्या थराची जाडी आधी बघा. तो २ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मशीन परत करा.

जुना रंग असेल तर त्यात शिसं आहे का, हे तपासून घ्या. जुन्या काळ्या गोंदात अॅस्बेस्टॉस असू शकतं. या दोन्हींची धूळ उडवून बघायची नसते.

खिळे पृष्ठभागाच्या ३ मिलिमीटर खाली ठोका, नाहीतर पहिल्याच फेरीत मशीनचा घासायचा पेपर फाटतो.

आता पेपरचे नंबर. नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. ४० नंबरने घासून झालं की लोक थेट १०० वर उडी मारतात, कारण मधल्या फेऱ्या कंटाळवाण्या वाटतात. ४० नंबरचे खोल ओरखडे १०० नंबरच्या पेपरने निघत नाहीत, फक्त गुळगुळीत होतात. रंग लावला की प्रत्येक ओरखडा गडद रेघ होऊन वर येतो. ४०, ६०, ८०, १०० असंच जायचं. प्रत्येक नंबरआधी मी सगळ्या जमिनीवर पेन्सिलीने हलक्या नागमोडी रेघा मारतो. रेघ उरली म्हणजे तिथे पेपर पोचला नाही. दोन नंबरांच्या मध्ये झाडून नाही, व्हॅक्यूमने धूळ काढतो, कारण आधीच्या पेपरचा सुटलेला एक कण पुढचं सगळं काम बिघडवतो. मग दिवा जमिनीला टेकवून आडव्या उजेडात बघतो.

ड्रमचं मशीन, म्हणजे फिरत्या रुळावर पेपर लावलेलं, चालू असताना एका जागी थांबवू नका. चालत्या पावली टेकवायचं, चालत्या पावली उचलायचं. दोन सेकंद थांबलात तरी खड्डा पडतो, आणि तो काढायला आजूबाजूचं लाकूड खाली आणावं लागतं.

हंगामाप्रमाणे उघडणाऱ्या भेगा पुट्टीने भरू नका. फळ्या फुगल्या की ती तुटून बाहेर येते.

न घासता नुसतं वरचं कोटिंग द्यायचं असेल तर जमिनीवर जुनं मेण आहे का, ते बघा. मेणावर पॉलियुरेथेन, म्हणजे पारदर्शक कडक लेप, धरत नाही, साल निघावी तसं निघतं.

जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्या ठिणगीशिवाय पेटतात. मी त्या बाहेर एकेक पसरून वाळवतो किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावतो. हे काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही.

तेलावर आधारित पॉलियुरेथेन दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागतं, पण पूर्ण कडक व्हायला महिनाभर घेतं. तोवर गालिचा अंथरू नका, नाहीतर त्याचे डाग जमिनीवर कायमचे उमटतात.