स्टेजसाठी गिटार घेताय? आधी जॅक लावा, मग लाकूड बघा

दुकानात स्टुलावर बसून गिटार पोटाशी धरली, दोन कॉर्ड वाजवल्या, आवाज गोड वाटला की बहुतेक जण तिथंच पैसे मोजतात. घरी वाजवायची असेल तर त्यात काही बिघडत नाही. पण कॉलेजच्या गॅदरिंगला, मंडळाच्या मांडवात किंवा कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनाच्या स्टेजवर वाजवायची असेल, तर समोर बसलेल्यांना तो लाकडाचा आवाज जवळजवळ ऐकूच जात नाही. त्यांच्यापर्यंत पोचतो तो सॅडलखालच्या (तारा ज्या आडव्या पट्टीवर टेकतात तिच्या खालच्या) पिकअपमधून (तारांच्या कंपनांचा विजेचा संकेत करणाऱ्या भागातून) निघून प्रीअँप (तो संकेत वाढवणारं सर्किट), केबल आणि साऊंडवाल्याचा मिक्सर असा प्रवास केलेला आवाज. म्हणून स्टेजची गिटार उभं राहून आणि स्पीकरला जोडूनच निवडायची.

२०,००० रुपये हातात असतील तर सगळे गिटारवर घालू नका. १३ ते १५ हजार गिटारला ठेवा, हजार-दीड हजार सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवून घेणं) आणि नव्या तारांना, दोन हजारांच्या आसपास साध्या डीआय बॉक्सला (गिटारचा आवाज लांबच्या मिक्सरपर्यंत स्वच्छ नेणारी डबी), आणि उरलेले केबल, पट्टा आणि जाड फोमच्या बॅगेला. अगदी स्वस्तातल्या इलेक्ट्रो-अकूस्टिकमध्ये (आत पिकअप असलेल्या साध्या लाकडी गिटारमध्ये) काटकसर होते ती पिकअप आणि प्रीअँपमध्येच, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. बजेट आठ-नऊ हजारच असेल तर चांगली साधी अकूस्टिक घ्या आणि पुढे साउंडहोलमध्ये (बॉडीवरच्या गोल भोकात) बसणारा मॅग्नेटिक पिकअप लावा. त्याचा आवाज थोडा इलेक्ट्रिक गिटारकडे झुकतो, पण तो सहजासहजी घुमत नाही, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरून हूं-हूं होत नाही.

लॅमिनेटला नाक मुरडू नका

'सॉलिड टॉप' म्हणजे वरची फळी एकसंध लाकडाची, आणि 'लॅमिनेट' म्हणजे पातळ थर चिकटवून केलेली. खोलीत सॉलिड टॉप जास्त खुलतो, यात वाद नाही. फेंडरच्या सीडी-६० एससीईसारख्या गिटारमध्ये तो आवाक्यातल्या किमतीतही मिळतो. पण जी फळी मोकळेपणानं कंप पावते, तीच स्पीकरच्या आवाजानंही लवकर हलते आणि गिटार घुमायला लागते. त्यात कोल्हापूरचा पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका ओलावा असतो की सॉलिड टॉप फुगतो आणि तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) वर जातात. एप्रिलमध्ये तोच टॉप आक्रसतो, तारा खाली बसतात आणि फ्रेटवर खरखरतात. लॅमिनेट टॉप या दोन्ही ऋतूंत कमी हलतो. वर्षातले बहुतेक कार्यक्रम गणपती ते दिवाळी या काळात असतील आणि दुसरी गिटार नसेल, तर लॅमिनेटच घ्या. यामाहाची एफएक्स ३१० किंवा कॉर्टची एडी ८१०ई या त्याच जातीच्या. मोठा ड्रेडनॉट आकार, आत प्रीअँप.

बॉडीची खोलीही बघा. ड्रेडनॉट साधारण १० ते १२ सेंटिमीटर खोल असते, तर यामाहाच्या एपीएक्ससारखी पातळ बॉडी ८-९ सेंटिमीटरची. पातळ बॉडी घरी थोडी बारीक वाटते, पण स्टेजवर उभं राहून गाताना उजवा खांदा वर चढत नाही आणि घुमण्याचा त्रासही कमी होतो. गाणारा आणि वाजवणारा एकच माणूस असेल तर आमचं मत पातळ बॉडीच्या बाजूनं पडेल. नुसती साथ करायची आणि माइकशिवायही बैठकीत वाजवायचं असेल तर ड्रेडनॉट बरी.

दुकानात जाताना काय न्यायचं

स्वतःची ३ मीटरची चांगली केबल, नवी ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, एक कागद आणि मोबाइलमध्ये ट्यूनर. प्रीअँपला कुठली बॅटरी लागते ते फोन करून आधी विचारा, काहींना ९ व्होल्टऐवजी दोन पेन्सिल सेल लागतात. दुकानातली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच पडलेली असते. ती उतरली की आवाज फाटतो, आणि चांगल्या गिटारला उगाच नावं ठेवली जातात.

इलेक्ट्रिक गिटारचा अँप जोडून देत असतील तर नको म्हणा. त्याचा स्पीकर वरचे स्वर जवळजवळ कापूनच टाकतो, त्यामुळं सगळ्याच गिटार सारख्याच दबलेल्या वाटतात. कीबोर्डचा अँप किंवा पीएचा (कार्यक्रमाच्या साऊंड सिस्टिमचा) स्पीकर मागा. स्टेजवर तसाच असणार आहे.

आता वायर जोडायच्या आधी पाच मिनिटं. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड सहाव्या तारेला २.५ मिमीच्या आसपास आणि पहिल्या तारेला १.८ ते २ मिमी असेल तर ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, चांगली. सहावी तार ३.५ मिमीवर असेल तर लगेच नाकारू नका, आधी सॅडल ब्रिजच्या (तो ज्यात बसतो त्या लाकडी तुकड्याच्या) वर किती उभा आहे ते बघा. बाराव्या फ्रेटवर १ मिमी उतरवायचा तर सॅडल २ मिमी घासावा लागतो. सॅडल आधीच जेमतेम २ मिमी वर असेल तर घासायला काही उरतच नाही. शिवाय तारेचा सॅडलवरचा दाब कमी झाला की पिकअपचा आवाजही पडतो. अशी गिटार सोडून द्या.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. आत गेला तर ब्रिज उचलायला लागलाय. मानेच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा, फ्रेटची टोकं बोचत असतील तर लाकूड आक्रसलंय. प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून वाजवलेला स्वर) आणि तिथंच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळतो का ते पाहा. शेवटी पट्ट्याच्या खुंट्या मोजा. बऱ्याच स्वस्त गिटारला मागची एकच असते. मानेच्या मुळाशी दुसरी बसवून घेता येते, पण हे काम दुकानदाराकडून बिलात धरूनच करून घ्या.

जॅक लावल्यावर

प्रीअँपची सगळी बटणं मधोमध, व्हॉल्यूम अर्ध्यावर. पिक एकाच जोरानं मारत सहाही तारा एकेक करून वाजवा. ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी आणि बहुतेकांकडून तीच राहते. सॅडलखालची पिएझोची पट्टी, म्हणजे पिकअप, दाबावर चालते. सॅडलची खालची कड सरळ नसेल किंवा खाचेत भुसा अडकला असेल, तर एखादी तार, बहुधा पहिली किंवा सहावी, मागं पडते. कॉर्ड वाजवताना हे कानाला कळत नाही, पण स्टेजवर एकेक तार छेडायला घेतली की चालीतला एक स्वर गायब होतो. दोष थोडा असेल तर दुरुस्त होतो. तारा सैल करून सॅडल काढायचा, काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून खालची कड त्यावर सपाट घासायची, खाच ब्रशनं साफ करायची. दुकानदार समोर करून देत असेल तर थांबा. ‘वाजवून वाजवून आपोआप सुटेल’ असं सांगत असेल तर ते खरं नाही.

तंबोऱ्याशी तुलना केली तर हे पटकन समजतं. मिरज कोल्हापूरहून तासाभरावर, आणि तिथल्या कारागिरांचं अर्धं कसब तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढण्यात आहे. घोडीचा माथा किंचित गोलसर ठेवायचा, म्हणजे तार त्याला हलकी चाटत राहते आणि स्वर गुंजतो. गिटारच्या सॅडलला याच्या उलट हवं. तार एकाच बिंदूवरून सुटली पाहिजे आणि खालची कड पिएझोवर पूर्ण टेकली पाहिजे. गिटारमध्ये जवारीसारखी गुंज आली तर तो दोषच.

मग जॅकजवळ केबल हळूच हलवा. करकर आली तर जॅकचं नट सैल आहे. हे किरकोळ वाटतं, पण नट सैल राहिलं की जॅक आतल्या आत गोल फिरतो, त्याच्या वायरी पिळवटतात आणि भर कार्यक्रमात आवाज बंद पडतो. प्रीअँपवर ट्यूनर असेल तर त्याचं बटणही दाबून पाहा. ते चालू असताना बाहेरचा आवाज बंद होत असेल तर उत्तम, दोन गाण्यांमध्ये तारा जुळवताना श्रोत्यांना ते ऐकावं लागत नाही.

शेवटची परीक्षा घुमण्याची. स्पीकरसमोर साधारण एक मीटरवर, गिटार त्याच्याकडे तोंड करून उभे राहा, तारांवरून हात काढा आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. बॉडीतल्या हवेची स्वतःची एक कंपनसंख्या असते, ड्रेडनॉटमध्ये ती १०० हर्ट्‌झच्या जवळपास. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे खालचा जी, ९८ हर्ट्‌झचा, आणि मोकळी पाचवी तार ११० हर्ट्‌झची. त्यामुळं जी कॉर्ड धरली की गिटार हंबरायला लागते. दोन गिटारमध्ये निवड अडली असेल तर जी जास्त व्हॉल्यूमपर्यंत गप्प राहते ती घ्या. प्रीअँपवर फेज किंवा नॉच बटण असेल तर ते दाबून फरक पडतो का ते इथंच कळेल. साउंडहोलमध्ये बसणारं रबरी झाकण स्वस्तातला आणि खात्रीचा उपाय आहे, ते सोबत घ्याच.

मांडवात गेल्यावर

गिटारपासून मिक्सर १५-२० मीटर लांब असतो. साधी गिटारची केबल तितकी ओढली की आवाजात गुणगुण शिरते, आणि आत प्रीअँप नसलेला पिकअप असेल तर वरचे स्वरही मरतात. गिटारमधून ३ ते ५ मीटरची केबल डीआय बॉक्समध्ये, आणि तिथून पुढं माइकची एक्सएलआर केबल, अशी जोडणी करा. आत बॅटरीवाला प्रीअँप असेल तर साधा पॅसिव्ह डीआय पुरतो. जनरेटरवर किंवा लाइटिंगच्या लाइनवर गुणगुण आलीच तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. त्यानं गुणगुण जाईल आणि एखाद्या दिवशी माइकला ओठ लागताच शॉक बसेल.

प्रीअँपवर बास थोडा कमी, ट्रेबल मधोमध किंवा किंचित खाली, एवढंच स्वतः करा. पिएझोचा टकटकीत, प्लास्टिकसारखा आवाज वरच्या मधल्या पट्टीतून येतो, तो मिक्सरवरच नीट आवरतो. साउंडवाल्याला ‘आवाज नीट करा’ म्हटलं तर त्याला काही कळत नाही. ‘दादा, शंभरच्या आसपास जरा कापा, आणि दीड-दोन हजारला थोडं’ म्हटलं की हात बरोबर बटणावर जातो. मॉनिटर समोर ठेवा, पण साउंडहोलचं तोंड थेट त्याच्याकडे नको, थोडं वळून उभे राहा.

जॅकमध्ये केबल घातली की प्रीअँप चालू होतो, म्हणून वाजवून झालं की केबल काढायचीच. तशीच राहिली तर न वाजवताही बॅटरी उतरत राहते. मल्टिमीटर असेल तर मोजा: नवी ९ व्होल्टची बॅटरी ९ च्या वर दाखवते, ८ च्या खाली उतरलेली कार्यक्रमाला नेऊ नका.

बॅग किमान १० मिमी फोमची घ्या. एसटीत वरच्या रॅकवर नको, पायांमध्ये उभी धरा. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या ठेवा आणि त्या महिन्यातून एकदा वाळवून घ्या. हवेतला ओलावा ४५ ते ५५ टक्के असेल तर गिटारला मानवतं. तारा ११ ते ५२ च्या (हे आकडे जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात), कोटिंगवाल्या लावा. आपल्याकडच्या घामाला आणि दमटपणाला साध्या तारा लवकर काळ्या पडतात. आणि नव्या तारा कार्यक्रमाच्या दिवशी चढवू नका. दोन दिवस आधी चढवा, बोटांनी हलक्या ओढून ताणा आणि पुन्हा जुळवा. पहिल्या गाण्यात स्वर उतरतो तो बहुतेक वेळा या न ताणलेल्या तारांमुळंच.