ट्रेनरच्या मुलाखतीला निघालात? आधी आरशासमोर वाकून बघा

सर्टिफिकेट हातात आहे, सीपीआरचं (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून जीव वाचवायचं) ट्रेनिंग झालंय, अलकापुरीतल्या नाहीतर वासणा रोडच्या एखाद्या जिममधून फोनही आलाय. आणि आता कपाट उघडून उभ्या आहात. बडोद्यातल्या आपल्या मुली मला हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात, आणि विचारताना उगाच ओशाळतात. ओशाळू नका. ज्या नोकरीत दिवसभर वाकायचं, बसायचं, दुसऱ्याच्या अगदी जवळ उभं राहायचं, तिथे कपड्यांचा विचार आधी करावाच लागतो.

सल्ले खूप मिळतात. आई म्हणते, "पंजाबी ड्रेस घाल, चार लोकांत नीट दिसतं." कोर्सचे सर म्हणतात, "इंटरव्ह्यू म्हटला की फॉर्मल्स." जिममधला एखादा सीनियर म्हणतो, "टाइट घाल, बॉडी दिसली पाहिजे." आईचं मन मोडू नका, पण तिघांचंही ऐकू नका. सीनियरचं तर मुळीच नाही. जो सहा महिने तुम्हाला नुसती वजनं उचलून ठेवायला लावतो आणि मधूनमधून प्रोटीनचे डबे विकायला सांगतो, तो तुमचा गुरू नव्हे. माझे आजोबा दांडिया बाजारात प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात, म्हणजे आपल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. तिथे आधी तुमचं उभं राहणं बघत, असं ते सांगायचे. चांगला मॅनेजर आजही तेच बघतो.

मुलाखत कशी होते ते नीट समजून घ्या. केबिनमध्ये थोडा वेळ बोलणं होतं: कोर्स कुठला, सकाळची बॅच जमेल का, पगार किती हवा. मग मॅनेजर उठतो आणि म्हणतो, "चालो बेन, फ्लोअर पर. जरा स्क्वॉट करीने बतावो ने." खरी मुलाखत इथून सुरू होते. स्क्वॉट म्हणजे बैठक, लंज म्हणजे एक पाय पुढे टाकून खाली जाणं, डेडलिफ्ट म्हणजे कमरेतून वाकून जमिनीवरचा लोखंडी बार उचलणं, प्लँक म्हणजे पालथं होऊन हातांवर अंग सरळ धरणं, ओव्हरहेड प्रेस म्हणजे वजन डोक्यावर नेणं. मग रिसेप्शनवरच्या मुलीला क्लायंट म्हणून पुढे उभं करतात आणि सांगतात, हिला शिकवा. तुम्ही पार-क्यूचे, म्हणजे व्यायामाआधी तब्येतीची चौकशी करायचे, 7 प्रश्न विचारता, तिची पाठ बघता, तिच्याबरोबर मॅटवर बसता. आणि हे सगळं घरून घालून आलेल्या कपड्यांतच.

मी अडकले ती इथेच. टी-शर्ट नवा होता, गडद निळा, उभं राहून आरशात छान दिसत होता. रिकामा 20 किलोचा बार घेऊन डेडलिफ्ट दाखवायचा होता आणि मॅनेजर बरोबर समोर उभे. कमरेतून वाकले तसा गळा पुढे लोंबला. एक हात आपोआप गळ्याकडे गेला. पुन्हा बार धरला, पुन्हा गळा सुटला. मग मी पाठ गोल करून, छाती आत ओढून वाकायला लागले. डेडलिफ्टमध्ये जे करू नका म्हणून आपण क्लायंटला सांगतो, नेमकं तेच. तोंडातून एक सूचना धड निघेना. शेवटी ते म्हणाले, "नॉलेज छे, पण कॉन्फिडन्स नथी." हे वाक्य मला फार दिवस टोचत राहिलं, कारण कॉन्फिडन्स होता. माझं अर्धं लक्ष त्या गळ्यात होतं, आणि ते समोरच्या माणसाला कळायचा काही मार्गच नव्हता.

म्हणून सांगते, आणि थोडं जास्तच सांगते. आपण कपडे उभं राहून निवडतो आणि मुलाखत वाकून देतो. आदल्या दिवशी, दिवसाउजेडी, पूर्ण कपडे घालून, आतलेसुद्धा तेच, आरशासमोर हालचाली करून बघा. आधी कमरेतून वाका आणि समोरून बघा, गळा किती सुटतो. मग दोन्ही हात डोक्यावर न्या, टी-शर्ट पोटावरून किती वर चढतो. मग पूर्ण खाली बसा, लेगिंग्जची कंबर मागे सरकते का. मग प्लँकमध्ये जा आणि मोबाइल जमिनीवर समोर ठेवून व्हिडिओ काढा. लंजमध्ये मांडीवरचं कापड ताणून पांढरट होतं का, ते पाहा. शेवटी पाठीवर झोपून ब्रिज करा, म्हणजे गुडघे दुमडून कंबर वर उचला, तेव्हा टी-शर्ट गळ्याकडे घसरतो. प्रत्येक हालचाल दहा-दहा वेळा करा, कारण पहिल्या दोन वेळांत काहीच सरकत नाही. एकदा जरी हात कपडा सावरायला गेला, तरी तो कपडा बाद. "मॅनेज करेन" म्हणू नका. फ्लोअरवर मॅनेज होत नाही.

लेगिंग्जचं वेगळं सांगते. मंगळ बाजारात मिळणाऱ्या पातळ लेगिंग्ज कुर्त्याखाली उत्तम, पण स्क्वॉटमध्ये त्या पारदर्शक होतात आणि घालणारीला ते दिसत नाही. जिममध्ये मात्र चारी बाजूंना आरसे आणि डोक्यावर पांढरे दिवे. विकत घेताना दुकानातच हात आत घालून कापड ताणा आणि दिव्यासमोर धरा. बोटं स्पष्ट दिसली तर परत ठेवा. काळी किंवा गडद निळी एकच घ्या, पण जाड घ्या. लेगिंग्ज नकोशा वाटत असतील तर बेताची ट्रॅक पँट घाला, खिसा असलेली. घोट्याशी निमुळती असावी, म्हणजे गुडघा आणि पाऊल समोरच्याला नीट दिसतं. यात कमीपणा काही नाही.

वर कॉलरचा, अर्ध्या बाह्यांचा, कमरेखाली चार बोटं येणारा टी-शर्ट. कॉलर वाकल्यावर जागेवर राहते, शिवाय बऱ्याच जिमचा युनिफॉर्म असाच असतो, त्यामुळे तुम्ही आधीच तिथल्या वाटता. करड्या रंगावर घाम सगळ्यात आधी दिसतो, तो टाळा. बडोद्याच्या मे महिन्यात स्कूटरवरून कारेलीबागेतून अलकापुरीला पोचेपर्यंत अंग भिजतं, म्हणून टी-शर्ट बॅगेत न्या आणि तिथे बदला. दुसऱ्या जिमचा लोगो छातीवर नको.

बूट ही अर्धी मुलाखत आहे. बाहेरचे बूट फ्लोअरवर चालत नाहीत. पावसाळ्यात तर चिखलाचा एक ठसा रबरी मॅटवर पडला की समोरच्याचा चेहरा बदलतो. स्वच्छ बूट पिशवीतून न्या, दारात बदला. जाड मऊ टाचेचे धावायचे बूट डेडलिफ्टला वाईट, कारण टाच दबते आणि पाय डगमगतो. सपाट, घट्ट तळाचे बूट असले की डेमो आपोआप स्थिर दिसतो. नवीन बूट आदल्या दिवशी घेऊन घालू नका.

बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा, बारवर अंगठी बोटात रुतते. ओढणी केबल मशीनच्या जवळ अजिबात नको. लांब मंगळसूत्र वाकल्यावर लोंबतं. घालायचंच असेल तर आखूड, टी-शर्टच्या आत. केस घट्ट बांधा, नखं कापा. सेंट मारू नका. तुम्ही दम लागलेल्या माणसाच्या अगदी शेजारी उभ्या राहणार असता आणि दमेकऱ्याला उग्र वासाने त्रास होऊ शकतो. आंघोळ आणि साधा डिओ पुरे.

मुलांसाठी थोडक्यात: सँडो आणि अंगाला चिकटलेला कॉम्प्रेशन टी-शर्ट घालून जाऊ नका. तुमचे दंड बाहीतूनही दिसतात. सकाळी दहाच्या बॅचला येणाऱ्या पन्नाशीच्या मासीला तुमच्याजवळ येऊन "गुडघा दुखतो" असं सांगावंसं वाटलं पाहिजे. पैसे भरणारे क्लायंट बहुतेक तेच आहेत.

आणि कपड्यांनी झाकता येत नाही अशी एक गोष्ट. शनिवार-रविवारच्या कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन उत्तम कपड्यांत गेलात तरी फ्लोअरवर पाच मिनिटांत कळतं. एसीई किंवा एनएएसएम या ट्रेनरना सर्टिफिकेट देणाऱ्या अमेरिकन संस्था. त्यांच्या सर्टिफिकेटसाठी सीपीआर आणि एईडीचं (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचं) प्रमाणपत्र लागतं, अभ्यासाला महिने जातात. ते महिने द्या. महागड्या ब्रँडच्या कपड्यांवर घालवायचे पैसे तिकडे लावा.

घाबरू मात्र नका. पहिल्या ठिकाणी नाही झालं तर दुसरीकडे होतं. माझंही तसंच झालं, त्याच अभ्यासावर, फक्त टी-शर्ट बदलून. फोन आला की एवढंच विचारा: "प्रॅक्टिकल फ्लोअरवर आहे का, आणि कपडे बदलायला जागा आहे का?" हा प्रश्न विचारणारी मुलगी मॅनेजरला कामाची वाटते. मेसेजमध्ये "फॉर्मल्स" लिहिलं असेल तर साधा शर्ट-पँट घालून केबिनमध्ये बसा आणि बॅग जवळ ठेवा. नोकरी पक्की झाली की युनिफॉर्मचे पैसे पहिल्या पगारातून कापतात का, ते तेव्हाच विचारून घ्या, आणि टी-शर्ट अंगात घालून, हात वर करून बघितल्याशिवाय साइज सांगू नका.