कौलांवर पत्रा चढवायचा, की आढ्यापासून नवं छप्पर घालायचं? दसऱ्यापासूनची तयारी

दसरा झाला, पाऊस थांबला, की एका सकाळी बॅटरी, जाडसर स्क्रूड्रायव्हर, लहान हातोडी आणि खडू घेऊन माळ्यावर चढा. पत्रेवाल्याला बोलावण्याआधी हे काम उरका. तो आला की बोलणं पत्र्याच्या रंगावर आणि जाडीवर जातं, खालच्या लाकडाचा विषय निघतच नाही. आमच्याकडे तेच झालं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या घराची अर्धी कौलं अंगणात पडली. पावसाळा तोंडावर होता. मोडलेल्या ठिकाणी मिळतील ती कौलं बसवली, सगळ्यावरून लोखंडी पाइपचा सांगाडा टाकून पत्रा चढवला आणि मोकळं झाल्यासारखं वाटलं. चौथ्या वर्षी आढ्याला, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला, हात लावला तर बोट आत गेलं. पत्रा आल्यापासून शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं काढून नीट परत लावण्याचं काम, बंद पडली होती. शाकारणीच्या निमित्ताने दर उन्हाळ्यात एका जाणत्या माणसाची नजर प्रत्येक वाशावरून, म्हणजे आढ्यापासून भिंतीकडे उतरणाऱ्या लाकडावरून, फिरायची, तीच थांबली होती. नव्या छपराचा खर्च शेवटी करावा लागलाच, आणि पत्र्याचे पैसे त्याआधी गेलेले होते.

तर माळ्यावर काय बघायचं? प्रत्येक वासा तीन ठिकाणी तपासा: भिंतीवर टेकतो तिथे, आढ्याला मिळतो तिथे आणि वळचणीच्या, म्हणजे छपराच्या भिंतीबाहेर आलेल्या खालच्या कडेच्या, टोकाला. हातोडीने ठोका. चांगलं लाकूड ठणठणीत वाजतं, पोखरलेलं भद्द वाजतं. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हर दाबा. तो अर्धा बोट आत गेला तर खडूने फुली मारा. भिंतीवरून वर चढलेल्या वाळवीच्या मातीच्या नळ्या आणि वाशाखाली पडलेला बारीक पिवळट भुसा, दोन्ही शोधा. आमच्याकडे चुलीवरचे वासे धुराने काळेकुट्ट झालेले होते आणि तेच सगळ्यात टणक निघाले. गॅस आल्यानंतर बांधलेल्या, म्हणजे धूर न लागलेल्या न्हाणीवरचे मात्र निम्मे गेले होते. खाली उतरलात की आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बघा. मध्ये चार बोटं झोल असेल तर त्या आढ्यावर नवं काही लादू नका.

आता फुल्या मोजा. माझा हिशेब साधा आहे. दहातले एक-दोन वासे खराब असतील आणि आढं सरळ असेल, तर तेवढे बदलून जुन्या सांगाड्यावर काम भागवावं. दहातले तीन-चार गेले असतील, तर सगळं उतरवावं. आढंच खराब असेल तर मोजायचीही गरज नाही.

पत्रा चढवायचाच असेल, तर सुताराला किंवा फॅब्रिकेटरला पहिला प्रश्न विचारा: पाइप टेकणार कुठे आणि बांधणार कशाला? वजनाची भीती सगळ्यांना असते, वाऱ्याची फारशी नसते. मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचं आणि चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं लागतात, म्हणजे शंभर चौरस फुटांवर तीन-साडेतीनशे किलो वजन असतं. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा तेवढ्याच जागेवर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलो भरतो. पत्रा हलका, आणि वादळात नेमकं तेच नडतं. वारा पडवीतून आत शिरून खालून ढकलतो, वरून खेचतो, आणि सगळ्यात जास्त जोर वळचणीला, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ असतो. कौलं एकेक करून उडतात, पत्रा पाइपसकट उठतो. जुन्या घरांच्या जांभ्याच्या भिंती बऱ्याचदा मातीत रचलेल्या असतात, त्यात ठोकलेला अँकर बोल्ट हाताने हलवला तरी निघतो. छप्पर पूर्ण उतरवलं तर भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सिमेंट काँक्रीटचा पट्टा ओतता येतो आणि नवा सांगाडा त्यात पक्का जखडता येतो. पूर्ण छपराच्या बाजूने मला हे एकच कारण पुरेसं वाटतं.

खाऱ्या हवेचं गणित वेगळं करा. पत्र्याची वरची बाजू पावसाने धुतली जाते, पडवीवरच्या पत्र्याची खालची बाजू कधीच धुतली जात नाही. मीठ तिथे बसून राहतं आणि गंज तिथूनच लागतो. वॉरंटीच्या कागदावर समुद्रापासून किती अंतराची अट आहे ते पैसे देण्याआधी वाचा. झिंक-ॲल्युमिनियमचा लेप असलेला पत्रा ओल्या सिमेंटला टेकू देऊ नका, लेप खराब होतो. पाइपची उघडी तोंडं बंद करून घ्या, नाहीतर पाइप आतून सडतो आणि बाहेरून रंग तसाच दिसतो. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून गेलेलं असतं, तिथे त्याच दिवशी घासून झिंक प्रायमर लावून घ्या, आणि लावताना समोर उभे राहा. कडेच्या ओळींत स्क्रू मधल्यापेक्षा जवळजवळ मारायला सांगा. घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडू किंवा कापू नका, पाण्याने भिजवून अख्खे उतरवा.

कागद: घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीतला घराच्या नोंदीचा नमुना ८ चा उतारा काढून ठेवा. घर भरतीरेषेच्या जवळ असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम लागतात. दुरुस्ती अधिकृत घराची आणि जुन्या जोत्यावरच असावी लागते, म्हणून जोतं वाढवायचं किंवा मजला चढवायचा विचार यात मिसळू नका. ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्या. कामाचे आधीचे फोटो काढा.

वेळेचं म्हणाल, तर काम डिसेंबरात सुरू करून एप्रिल संपायच्या आत उरका. पूर्वी मे महिना हाताशी धरायचे. २०२१ साली तौक्ते वादळ १६ मे च्या सुमारास आमच्या किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा उघडी पडलेली घरं मी बघितली आहेत. अर्धवट छपरासाठी जाड ताडपत्री आणि काथ्याचे दोर आधीच घरात असू द्यात. छपरावर झुकलेल्या माडाच्या वाळक्या झावळ्या आणि नारळ काम सुरू होण्याआधी उतरवा.

उतरवलेली कौलं आडवी रचू नका, खालची फुटतात. उभी, एकमेकांना टेकवून, फळीवर लावा. प्रत्येकाला बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं ते ठेवा, बद्द वाजलं ते बाजूला काढा. पुन्हा कौलंच घालणार असाल तर यातली शंभर-सव्वाशे घरामागे सावलीत राखून ठेवा, नव्या कारखान्याचं कौल जुन्याच्या खाचेत बऱ्याचदा बसत नाही.