स्टुटगार्टला येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी: पत्ता द्या, पासपोर्ट जपा, टोरेंट विसरा

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की आपल्या ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात. ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचं खातं) कुठे उघडू, थंडीचे कपडे तिकडूनच घेऊ का, कुकर आणू का. कुकर आणा, रबरी रिंगा दोन जास्तीच्या आणा. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सत्राला 1500 युरो शुल्क आहे, ते धरून बजेट करा. बाकीची उत्तरं द्यायला ग्रुपवर पुष्कळ दादा-ताई आहेत. मी लिहिते आहे ते ज्याबद्दल कोणी विचारतच नाही त्याबद्दल. तुमचं नाव, पत्ता, पासपोर्ट आणि तुम्ही नेटवर कुठे कुठे फिरता याची नोंद कोणाच्या हाती जाते, हे पहिल्या महिन्यातच सांभाळावं लागतं. नंतर निस्तरणं फार महाग पडतं.

आधी सरकारी काम. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्युरोमध्ये, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयात, पत्त्याची नोंदणी करायची, म्हणजे आनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. तिथे खरी माहिती बिनधास्त द्या, तिच्याशिवाय पुढचं एकही काम हलत नाही. पण त्याच खिडकीवर आणखी एक अर्ज मिळतो, तो मागितल्याशिवाय सहसा कोणी हातात देत नाही. आपला पत्ता राजकीय पक्षांना किंवा पत्त्यांच्या याद्या छापणाऱ्यांना देऊ नये, अशी हरकत नोंदवण्याचा हा अर्ज. फुकट आहे, सही करून टाका. आणि घराच्या टपालपेटीवर त्याच दिवशी आपलं आडनाव लावा. इथे सगळं महत्त्वाचं कागदावर येतं. पेटीवर नाव नसेल तर बँकेचं कार्ड आणि विम्याची पत्रं उलट्या पावली परत जातात.

आता खोली शोधणं. स्टुटगार्टमध्ये खोल्यांची टंचाई आहे. वसतिगृहाची रांग लांब असते, त्यामुळे मुलं भारतातूनच नेटवर खोली शोधतात आणि तिथेच फसतात. ठरलेली गोष्ट अशी: सुंदर फोटो, भाडं कमी, मालक म्हणे सध्या परदेशात, किल्ली कुरिअरने येईल, त्याआधी पासपोर्टची प्रत आणि अनामत पाठवा. पैसे जातात ते जातातच, पण पासपोर्टची प्रतही जाते, आणि मग तीच प्रत दाखवून पुढच्या मुलाला ‘हा बघा माझा पासपोर्ट’ म्हणून फसवलं जातं. घर पाहिल्याशिवाय, निदान ओळखीच्या माणसाने जाऊन पाहिल्याशिवाय, एकही युरो पाठवायचा नाही. प्रत द्यावीच लागली तर पासपोर्ट नंबर झाका आणि प्रतीवर आडवं लिहा की ही अमुक पत्त्याच्या खोलीसाठी, अमुक तारखेला दिली. शुफा, म्हणजे तुमच्या उधारी-परतफेडीची नोंद, घरमालक मागेल. ती घर पाहिल्यावर, करार ठरत आला की द्यायची. स्वतःची नोंद पाहायची असेल तर कायद्याने फुकट प्रत मिळते. संकेतस्थळावर पैसे घेणारा पर्याय ठळक दिसतो, फुकटचा खाली शोधावा लागतो.

इथे आपल्याच लोकांबद्दल बोलते, राग आला तरी चालेल. व्हिसा मिळाल्याच्या आनंदात व्हिसाच्या पानाचा फोटो पाचशे जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं थांबवा. त्या पाचशेतल्या किती जणांना तुम्ही ओळखता? तुमचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, सगळं त्या एका फोटोत आहे. पेढे वाटा, पान वाटू नका.

आता टोरेंट. हे नीट वाचा, कारण जवळजवळ दरवर्षी कोणीतरी यात सापडतं आणि दरवर्षी कोणीतरी सीनियर सांगत असतो की ‘सगळे करतात, काही होत नाही’. होतं. टोरेंटवरून सिनेमा उतरवताना तुमचा लॅपटॉप उतरलेले तुकडे त्याच वेळी इतरांना वाटत असतो, म्हणून कायद्याच्या नजरेत तुम्ही नुसते पाहणारे राहत नाही, वाटणारे होता. सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची माणसं त्याच देवाणघेवाणीत शिरून आयपी पत्ते (नेटवर तुमचं कनेक्शन ओळखण्याचे क्रमांक) आणि नेमकी वेळ टिपून ठेवतात. मग कोर्टाचा आदेश घेऊन इंटरनेट कंपनीला विचारलं जातं की त्या मिनिटाला हा आयपी पत्ता कोणाच्या घरचा होता. कंपनी नाव आणि पत्ता देते. काही आठवड्यांनी वकिलाचं जाड पाकीट येतं, आबमानुंग. आत कित्येक शे युरोंची मागणी, पुन्हा असं करणार नाही याचं सहीसाठी तयार केलेलं प्रतिज्ञापत्र, आणि अगदी जवळची मुदत.

पत्र ज्याच्या नावावर नेटचं कनेक्शन आहे त्याला येतं. माझ्या ओळखीतल्या एका घरात चार मुलं राहत होती, कनेक्शन सांगलीच्या मुलाच्या नावावर. सिनेमा उतरवला दुसऱ्याने, पाकीट याला आलं. घाबरून त्याने कोणाला न विचारता सही करून पैसे भरले. महिन्याचा सगळा खर्च त्यात गेला. त्याहून वाईट म्हणजे त्या सहीने तो आयुष्यभरासाठी बांधला गेला, पुन्हा तसं घडलं तर मोठा दंड. असं पत्र आलं तर केराच्या टोपलीत टाकू नका आणि सहीही करू नका. मुदतीच्या आत फेरब्राउखरत्सेंट्राले, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्रात, किंवा विद्यार्थ्यांसाठीच्या कायदा सल्ल्याला जा. घर वाटून घेताना आधीच ठरवा की या घराच्या नेटवर टोरेंट चालणार नाही. विद्यापीठाच्या वायफायवर तर नाहीच, तिथे तुम्ही स्वतःच्या नावाने लॉगिन केलेलं असतं.

हाच आयपी पत्ता प्रत्येक संकेतस्थळाला दिसतो. सकाळी तुम्ही बसचं वेळापत्रक पाहता, दुपारी खोली शोधता, रात्री झोप येत नाही म्हणून औषधांच्या दुकानाचं पान उघडता. ही तीन संकेतस्थळं एकमेकांना ओळखत नाहीत, पण तिन्हींवर एकाच जाहिरात कंपनीचा कोड बसलेला असू शकतो. तो तुमच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे ओळखीची छोटी खूण, ठेवतो, पुढच्या पानावर तीच कुकी ओळखतो आणि जोडत जातो: हा नवीन आला आहे, खोली मिळालेली नाही, झोप लागत नाही. नाव माहीत नसलं तरी माणूस ओळखता येतो. कुकी पुसली तरी स्क्रीनचा आकार, फॉन्ट, भाषा, ब्राउझरची आवृत्ती जुळवून ओळखण्याचे मार्ग आहेत.

म्हणून युरोपात बहुतेक संकेतस्थळांवर परवानगीची चौकट येते. नवीन माणूस घाईत चमकणारं बटण दाबतो, ते असतं ‘आले आक्सेप्टीरन’, म्हणजे सगळ्याला होकार. तुम्ही ‘आब्लेनेन’, म्हणजे नकार, दाबायचं. ते दिसत नसेल तर ‘आइनश्टेलुंगन’मध्ये, म्हणजे सेटिंग्जमध्ये, जाऊन सगळं बंद करा, ‘बेरेख्टिग्टेस इंटरेसे’ (कंपनीचं ‘न्याय्य हित’) नावाची यादीही उघडून बंद करा. आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, हे युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये आणि जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी मोठी वर्तमानपत्रं आता सरळ सांगतात, पाळत मान्य करा नाहीतर महिन्याला पैसे भरा. ज्या देशात हेसन राज्याने 1970 मध्येच जगातला पहिला माहिती संरक्षण कायदा केला, ज्याच्या घटना न्यायालयाने 1983 मध्ये जनगणनेच्या खटल्यात स्वतःच्या माहितीवरचा माणसाचा हक्क मान्य केला, तिथे हे चालावं याचा मला मनापासून राग येतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून बरीच वर्तमानपत्रं वाचता येतात, तो रस्ता धरा.

ब्राउझर फायरफॉक्स ठेवा, त्यात जाहिराती आणि पाळत अडवणारं यूब्लॉक ओरिजिन बसवा. क्रोमवर आता त्याची फक्त कमी ताकदीची आवृत्ती चालते. फुकटच्या व्हीपीएनवर (तुमचं नेट मधल्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा) विश्वास ठेवू नका, तुमची सगळी ये-जा तुम्ही त्या अनोळखी कंपनीच्या हाती देता. विद्यापीठाचा व्हीपीएन संशोधनपत्रिका वाचायला आहे.

संगणकशास्त्राच्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. नोकरीसाठी स्वतःचं पोर्टफोलिओ पान बनवता, तेव्हा इथल्या कायद्यापुढे पाहुण्यांवर लक्ष ठेवणारे तुम्ही असता. गूगल अॅनालिटिक्स (पाहुण्यांची मोजदाद करणारं साधन) लावायचं तर आधी संमती घ्या, किंवा लावूच नका. फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून न मागवता आपल्याच सर्व्हरवर ठेवा, नाहीतर पाहुण्याचा आयपी पत्ता गूगलकडे जातो. म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये एका संकेतस्थळाला याच कारणासाठी 100 युरो भरपाई द्यायला लावली. त्याच वर्षी त्याचा आधार घेऊन साधारण 170 युरो मागणारी पत्रं छोट्या-छोट्या दुकानदारांना आणि मंडळांना ढिगाने गेली. आपल्या कामाची जाहिरात करणारं पान असेल तर इम्प्रेसुम, म्हणजे नाव-पत्त्याचं पानही लागतं.

गणेशोत्सवाचे फोटो टाकण्याआधी विचारा. जर्मन शेजारी आरतीला आवडीने येतात, प्रसाद दोनदा घेतात, पण न विचारता त्यांच्या मुलांचा फोटो नेटवर दिसला तर पुढच्या वर्षी येत नाहीत. त्यांना ‘खडूस’ म्हणू नका. नाझी राजवट आणि नंतर पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस यंत्रणा श्टाझी, दोघांनी घराघराच्या नोंदी ठेवलेल्या आजी-आजोबांची ही नातवंडं आहेत.

आणि कंपनीने तुमची माहिती किती साठवली आहे ते तुम्ही विचारू शकता. डीएसजीव्हीओच्या, म्हणजे युरोपच्या माहिती संरक्षण नियमावलीच्या (जीडीपीआर), 15 व्या कलमाखाली माहितीची प्रत हवी, एवढं साधं ईमेल पुरतं. पैसे लागत नाहीत, साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर राज्याच्या माहिती संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. त्यांचं कार्यालय स्टुटगार्टमध्येच आहे, तक्रार ऑनलाइन घेतात आणि तीही फुकट. पाठवलेल्या ईमेलची तारखेसकट प्रत जवळ ठेवा, तक्रारीला ती जोडावी लागते.