सवाईचे जुने स्पूल लिलावात काढण्यापूर्वी

जुन्या नाशकातले वाडे पाडायला निघाले की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि एखादीत स्पूल टेप, म्हणजे चकतीवर गुंडाळलेल्या ध्वनिमुद्रणाच्या फिती, निघतात. रविवार कारंजाजवळच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात लोक त्या घेऊन येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, याचे किती येतील?" खोक्यावर 'सवाई गंधर्व, पुणे' असं, म्हणजे पुण्याच्या शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व महोत्सवाचं नाव लिहिलेलं असलं, तर माझं उत्तर एकच. पैसे पुराव्याला मिळतात. गाणं कितीही रंगलेलं असो, ते कुठल्या साली, कुणी, कुठल्या मशीनवर घेतलं हे सांगता आलं नाही तर बोली चढत नाही.

म्हणून स्पूल घाईने मशीनवर चढवून बघू नका. आधी नाकाला लावा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर ती अॅसिटेट या प्लास्टिकची फीत आहे आणि ती खराब होऊ लागली आहे. स्पूल उजेडासमोर धरा. अॅसिटेटच्या गुंडाळीतून उजेड आरपार दिसतो, पॉलिएस्टरच्या सहसा दिसत नाही. अॅसिटेट ताण बसला की कडकन तुटते, पण तुटलेली टोकं नीट जुळवता येतात. पॉलिएस्टर ताणली जाते आणि ताणलेला सूर परत जागेवर येत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात कडांवर पांढरी बुरशी धरते. ती ओल्या फडक्याने पुसू नका, जाणत्या माणसाकडे न्या.

आता मूळ की नक्कल, हा खरा प्रश्न. सात इंची स्पूलवर साधारण 1200 फूट फीत बसते. सेकंदाला साडेसात इंचाच्या वेगाने ती जेमतेम अर्धा तास चालते, पावणेचारने तासभर. बडा ख्याल, म्हणजे विलंबित (संथ) लयीतलं लांबलचक गाणं, कुणाच्या स्पूलसाठी थांबत नाही. त्यामुळे मैफलीत बसून घेतलेल्या मूळ फितीवर विलंबित मध्येच, कधी समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) तोंडाशी तुटतो आणि पुढच्या स्पूलवर तालाची दोन-तीन आवर्तनं गेल्यावर पुन्हा सुरू होतो. नंतर कुणी घरी उतरवून घेतलेल्या नकलेत हा सांधा बहुतेक वेळा गुळगुळीत केलेला असतो. सुरुवातीची तानपुऱ्यांची जुळवाजुळव, निवेदकाचा आवाज, मंडपातली खोकल्याची उबळ हे सगळं राहू द्या, आवाज 'स्वच्छ' करायच्या नादात उडवू नका. महोत्सवाची सांगता, ज्यांच्या नावाने तो होतो त्या गायक सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या जुन्या रेकॉर्डने करण्याची प्रथा आहे. शेवटच्या फितीवर ती सापडली तर ती बैठक महोत्सवाच्या शेवटची, हे पक्कं होतं.

खोक्यावरची शाई, जुनी तिकिटं, आजोबांची डायरी, मशीन खरेदीची पावती जपून ठेवा. पुसट अक्षरांवर पेन फिरवू नका. महोत्सव 1953 साली सुरू झाला. खोक्यावर त्याआधीचं साल असेल तर काहीतरी गडबड आहे आणि ती लिलावाआधी उलगडायला हवी.

मग 96 किलोहर्ट्‌झ, 24 बिट वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्या, एमपीथ्री नको. गाण्यामागे उलटं गाणं ऐकू येत असेल तर फीत बिघडलेली नाही, मशीनच्या हेडचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाचा, ट्रॅक (फितीवरचा पट्टा) वेगळा आहे.

हक्कांचं पहिल्यापासून स्पष्ट ठेवा. फीत तुमची, गाणं गायकाचं. आजच्या कायद्यात कलावंताचा हक्क सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून 50 वर्षं धरतात. फीत घेणाऱ्याला सीडी काढायचा किंवा इंटरनेटवर टाकायचा परवाना आपोआप मिळत नाही, हे लॉटच्या, म्हणजे लिलावात एकत्र विकायच्या मालाच्या, वर्णनात ठळक लिहा. विक्रीआधी कलावंताच्या घरच्यांना कळवा आणि एक प्रत त्यांना द्या. त्यांच्याकडे त्या रात्रीचं काहीच नसतं, असं मी कितीदा पाहिलं आहे. घरच्यांची संमती असेल तर दुसरी प्रत गुरुग्रामच्या आर्काइव्ह्‌ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजीसारख्या संग्रहाला द्यावी. एवढं केल्याशिवाय मी कुणाला लिलावाचा सल्ला देत नाही.

एका रात्रीचे स्पूल एकाच लॉटमध्ये ठेवा. भीमसेनजींचा वेगळा, गंगूबाईंचा वेगळा असे फोडले तर चार पैसे जास्त येतीलही, पण ती रात्र कायमची मोडते. लिलावघराकडून कमिशन, विमा आणि न विकल्यास परतीचा खर्च लेखी घ्या. राखीव किंमत तुम्ही ठरवा, त्याखाली माल जाणार नाही. कुणी पूर्ण फाइल आधी मागितली तर देऊ नका. समोर बसवून तुकडा ऐकवा.

विकल्यावर स्पूल खोक्यात उभे ठेवून पाठवा, आडवे रचू नका. स्पीकरजवळ तर अजिबात ठेवू नका. सोबत सही केलेलं पत्र द्या: फीत कुणाची होती, कुणाकडून कुणाकडे आली, आणि आजोबांच्या डायरीतल्या त्या पानाची झेरॉक्स.