एडिटिंगला बसण्याआधी: पहिल्या व्हिडिओ निबंधाची तयारी

सगळ्यात आधी विषय लहान करा. ‘व्ही. शांतारामांचं चित्रपटसृष्टीतलं योगदान’ हा शाळेतल्या निबंधाचा विषय झाला. व्हिडिओ निबंध म्हणजे सिनेमाचे तुकडे दाखवत त्यांच्याबद्दल स्वतःच्या आवाजात बोलणारा व्हिडिओ; त्याला एक सिनेमा, त्यातला एखाददुसरा प्रसंग आणि त्याबद्दलचा एकच प्रश्न पुरतो. मी इथे प्रभात फिल्म कंपनीचा, शांतारामांनीच दिग्दर्शित केलेला १९३७चा ‘कुंकू’ धरून चालते. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा आणि त्या घरातलं लंबकाचं घड्याळ. हे घड्याळ नुसतं ऐकू येतं कधी, आणि दिसतंही कधी? एवढा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. उत्तर अजून सापडलं नसेल तर बरंच आहे. आधीच ठरलेलं असलं की माणूस सोयीचे शॉट गोळा करत सुटतो आणि उलट सांगणाऱ्या शॉटकडे काणाडोळा करतो.

मग पाहणं. पहिल्यांदा सिनेमा सरळ, वही न घेता पाहा. निवडलेला प्रसंग नंतर आवाज बंद करून पाहा, आणि तिसऱ्यांदा स्क्रीनकडे पाठ करून नुसता ऐका. एवढं झालं की शॉटची नोंद करायला घ्या: कुठल्या सेकंदाला सुरू होतो, चौकटीत कोण आहे, कॅमेरा हलतो का, काय ऐकू येतं, आणि शेवटच्या रकान्यात तुम्हाला काय वाटलं ते. तीन मिनिटांच्या प्रसंगाला अख्खी संध्याकाळ जाते. कंटाळा येईल, येऊ द्या. माझ्या निबंधांतली बरी वाक्यं या शेवटच्या रकान्यातूनच आलेली आहेत, स्क्रिप्ट लिहायला बसल्यावर सुचलेली फार थोडी.

‘कुंकू’ निवडण्यात एक सोयही आहे. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या प्रसंगातल्या वस्तूंचं आणि माणसांचं. पार्श्वसंगीत असलेल्या सिनेमातून तुकडा कापला की सूर मध्येच तुटतो आणि जोड कानाला लगेच कळतो. इथे तो त्रास कमी. पण घड्याळाची टिकटिक असेल तिथे मात्र जपून: ठोक्याच्या अध्येमध्ये कापलंत तर लंगडी टिकटिक ऐकू येईल. कात्री ठोक्यावरच चालवा.

हक्कांचं आधीच पाहून ठेवा, अपलोड करायच्या रात्री नव्हे. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे ‘कुंकू’ची मुदत केव्हाच संपली. गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हिशेब मात्र वेगळा: गीतकार किंवा संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. नव्या सिनेमातले तुकडे समीक्षेसाठी वापरायला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे. ती परदेशी चॅनेलवाल्यांच्या ‘फेअर यूज’सारखी (अमेरिकी कायद्यातली परवानगीशिवाय वापरायची सूट) ऐसपैस नाही, हे लक्षात असू द्या. शिवाय व्हिडिओ तपासणाऱ्या यंत्राला कलमं कळत नाहीत, त्याला फक्त जुळणारा आवाज आणि जुळणारं चित्र कळतं. माझा पहिला व्हिडिओ दोन मिनिटांच्या गाण्यापायी पूर्ण मुका झाला होता. तेव्हापासून तुकडा लहान ठेवते आणि त्यावर माझं बोलणं चालू ठेवते.

प्रोजेक्ट उघडल्यावर क्लिप टाकायची घाई नको. आधी फाइलचा फ्रेम रेट पाहा. बोलपट सेकंदाला २४ फ्रेमचा असला तरी हाती आलेली फाइल २५ची किंवा ३०ची असू शकते. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती या कामाला भरपूर होते, पण टाइमलाइनवर (क्लिपा ओळीने लावायच्या पट्टीवर) क्लिपा पडल्या की तिचा फ्रेम रेट बदलता येत नाही. चौकटीचा आकारही तपासा. जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी असतो; तो रुंद स्क्रीनभर ताणला की नीरा झालेली शांता आपटे बसकी दिसते, आणि कापून बसवला की डोकी उडतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या, त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही.

स्क्रिप्ट दोन रकान्यांत लिहा, डावीकडे चित्र आणि उजवीकडे शब्द. डावा रकाना सलग चार ओळी रिकामा दिसला तर तो भाग लेखात घाला, व्हिडिओत त्याचं काम नाही. जे समोर दिसतंय तेच पुन्हा सांगू नका (‘नीरा घड्याळाकडे पाहते’, हो, दिसलं की!). गप्प बसायच्या जागासुद्धा लिहून ठेवा. मी चक्क ‘इथे तोंड बंद’ असं लिहिते. नंतर मोठ्याने वाचून घड्याळ लावा. माझे मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, तुमचे तुम्ही मोजा. जीभ जिथे अडखळते ते वाक्य छापील आहे असं समजून मोडा.

आवाजासाठी महागडा माइक लागत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, मागे गोधडी टांगा, पंखा बंद. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळ माहीत असलेली बरी. बोलून झाल्यावर त्याच खोलीतली दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. दोन वाक्यांच्या फटीत तीच भरावी लागते, नाहीतर मध्ये मध्ये कान बधिर झाल्यासारखं वाटतं.

फाइलींच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. याहून जास्त काय सांगू.

मराठी अक्षरं पडद्यावर आणणार असाल तर फॉन्ट आधी तपासा. ‘र्‍हस्व’, ‘उद्ध्वस्त’ आणि ‘दृष्टी’ हे तीन शब्द टाइप करून बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. सिनेमाचं नाव, साल आणि दिग्दर्शक त्या-त्या तुकड्यावरच द्या.

पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची लायब्ररी यादीत हवीच. आधी फोन करून काय पाहायला मिळेल ते विचारा.

आणि शेवटी, कच्चा कट दाखवायला सिनेमा न पाहिलेलं एक माणूस आत्ताच ठरवून ठेवा. आमच्याकडे हे काम आत्या करते. ‘छान आहे’ याव्यतिरिक्त ती काही बोलत नाही, म्हणून मी स्क्रीनकडे न बघता तिच्याकडे बघत बसते आणि तिने मोबाइल उचलला की वेळ लिहून घेते. मागच्या खेपेला तो ३ मिनिटं ४० सेकंदांवर उचलला गेला.