माळ्यावर जुनी रिळं सापडली? या चुका टाळा

फिल्मचे गंजलेले डबे हाती लागले की पहिला मोह होतो तो कुठून तरी प्रोजेक्टर मिळवून लावून बघण्याचा. तो आवरा. जुनी फिल्म आकसलेली असते, तिच्या कडेची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत. दहा मिनिटांच्या हौसेपायी भोकं फाटतात आणि पुढे स्कॅनिंगही अवघड होऊन बसतं.

आधी डबा हवेशीर जागी उघडा. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर अ‍ॅसिटेट (सहज पेट न घेणाऱ्या प्रकारची) फिल्म कुजायला लागली आहे. हे कुजणं थांबवता येत नाही, मंदावता येतं. अशा वेळी बहुतेक जण डबा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून पुन्हा माळ्यावर टाकतात. आत कोंडलेलं आम्ल फिल्मला आणखी वेगानं खातं, वरून पत्र्याखालची उष्णता. वासाची रिळं चांगल्या रिळांपासून वेगळी करा, घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत ठेवा आणि स्कॅनिंगसाठी त्यांचाच नंबर पहिला लावा.

३५ मिमी रुंदीची फिल्म १९५०च्या आधीची असेल तर ती नायट्रेट, म्हणजे झटकन पेटणारी, असू शकते. कडेला ‘सेफ्टी’ (म्हणजे सहज न पेटणारी) छापलंय का बघा. नसेल तर जाणकारानं तपासेपर्यंत ती घरात साठवू नका, कुरियरनं पाठवू नका. नायट्रेटची आग पाण्याखालीही जळत राहते. २००३ साली पुण्यात अशाच साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुन्या चित्रपटांची रिळं गेली. ८ आणि १६ मिमीच्या घरगुती रिळांबाबत ही भीती सहसा नसते.

‘आता डिजिटल करून घेतलंय, रीळ कशाला ठेवायचं?’ माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. व्हीसीडीच्या जमान्यात ज्यांनी कॉपी काढून मूळ फिल्म भंगारात दिली, त्यांच्याकडे आज फक्त ती धूसर कॉपी आहे. ज्यांनी निगेटिव्ह सांभाळली, त्यांना त्यातूनच ४के, म्हणजे खूप बारकावे टिपणारा, स्कॅन मिळतोय. संग्रहालयं स्कॅन झाल्यावरही निगेटिव्ह जपतात ती उगाच नाही. हार्ड डिस्क एके दिवशी न सांगता बंद पडते, म्हणून फाइलच्या किमान तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी.

काही दुकानदार भिंतीवर फिल्म पाडून समोरून मोबाइलनं शूट करतात आणि त्यालाच डिजिटायझेशन म्हणतात. चित्र लुकलुकत असेल तर बहुधा हेच झालेलं असतं. माणसं तुरुतुरु पळत असतील तर वेग चुकलाय: जुनी ८ मिमी साधारण सेकंदाला १६ चौकटींची, सुपर ८ (८ मिमीचाच नंतरचा प्रकार) अठराची, आणि कॉपी करताना ती चालवलेली असते २४ किंवा २५नं. दाते न वापरता रोलरवर फिल्म फिरवणारा स्कॅनर आहे का, एवढं विचारूनच रीळ द्या.

रिळांसोबत जुनी पोस्टर सापडली तर ती लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी तर नकोच.

‘अर्धवटच आहे, टाकून देऊ’ हेही नको. ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण उपलब्ध नाही, पण उरलेल्या भागावरच आपला अभ्यास उभा आहे. ‘आलम आरा’ची तर एकही प्रत सापडलेली नाही. मूकपटांची कितीतरी रिळं चांदी काढण्यासाठी विकली गेली. विकणाऱ्यांनाही ती निरुपयोगीच वाटली असणार. गाण्यांच्या चोपड्या, सेन्सॉरचं प्रमाणपत्र, डब्यावरची पेन्सिलची टिपणं, सगळं ठेवा.

पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून हे गोळा करतंय. २०२२पासून ते एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) भाग आहे. ‘दिलं की हक्क गेला’ हा गैरसमज आहे. रीळ सांभाळायला देणं वेगळं, कॉपीराइट देणं वेगळं. कशावर सही करताय ते नीट वाचा. याची दुसरी बाजूही आहे: डबा तुमच्या घरात आहे म्हणून चित्रपट यूट्यूबवर टाकायचा हक्क मिळत नाही. भारतात प्रदर्शनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो.

संपर्क करताना ‘जुन्या फिल्म आहेत’ एवढंच लिहिलंत तर पलीकडच्याला काही कळत नाही. फिल्मची रुंदी, डब्यांची संख्या, वास, कडेवरचा मजकूर कळवा आणि डबा उघडा ठेवून काढलेले दोन-तीन फोटो जोडा.